मोपेडच्या सायलेन्सरची बारीक गळती : ओळख, धोका व बंदोबस्त

कांग नदीकाठच्या जामनेर गावाच्या बाजारपेठेत, त्याचप्रमाणे पहूर, शेंदुर्णी, नेरी, फत्तेपूर या गावांकडून येणाऱ्या रस्त्यांवर पहाटेपासून एक दृश्य नित्य दिसते. दुधाच्या किटल्या, चाऱ्याचे भारे, भाजीच्या पाट्या, खताची पोती व फवारणीचा पंप अशी नाना प्रकारची ओझी लादलेली छोटी मोपेड शेताची व बाजाराची वाट चालत असते. पूर्वी जे काम सायकल व बैलगाडी करीत, त्यातील बराच भाग या वाहनाने उचलला आहे.

१९७२ साली किनेटिक इंजिनिअरिंग कंपनीची ५० घनसेंटिमीटर इंजिनाची ‘लूना’ बाजारात आली आणि इंजिन बसविलेली सायकल ही वस्तू महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचयाची झाली. १९८० साली ‘टी.व्ही.एस. ५०’ आली. त्याच घराण्यातील ‘एक्स.एल. १००’ हे चार-स्ट्रोक इंजिनाचे वाहन २०१५ पासून रस्त्यावर आहे. २०२४ साली लूना विजेवर चालणाऱ्या रूपात पुन्हा आली व तिला धूर नाही. परंतु पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या-नव्या मोपेडी शेतकऱ्यांच्या घरी आजही पुष्कळ आहेत. त्यांच्या एका लहान दिसणाऱ्या, पण वेळीच लक्ष न दिल्यास घातक ठरणाऱ्या दोषाचा विचार या पाठात करावयाचा आहे. तो दोष म्हणजे सायलेन्सरची बारीक गळती.

धुराची वाट

इंजिनात पेट्रोल जळाल्यावर जो तप्त वायू तयार होतो, तो सिलिंडरच्या मोहऱ्यातून बाहेर पडून वाकविलेल्या नळीत, म्हणजे बेंड पाइपमध्ये शिरतो. तेथून तो सायलेन्सरच्या पोटात जाऊन शांत होतो व शेपटाच्या भोकातून मागे निघून जातो. या वाटेवर गळती होण्याजोग्या जागा मुख्यतः चार आहेत.

१. सिलिंडर व बेंड पाइप यांचा सांधा. येथे दोन स्टड, दोन नट व मध्ये एक पॅकिंग असते.
२. बेंड पाइप व सायलेन्सर यांचा सांधा. काही गाड्यांत हा सांधा पट्ट्याने आवळलेला असतो, तर काहींत दोन्ही भाग जोडूनच येतात.
३. सायलेन्सरची शिवण व वेल्डिंगच्या रेषा.
४. सायलेन्सरचा तळ, जेथे गंज खाऊन बारीक छिद्रे पडतात.

गळतीची कारणेही साधी आहेत. कच्च्या रस्त्यावरील हादऱ्यांनी नट ढिले होतात. तापणे व थंड होणे यांच्या रोजच्या फेऱ्यांनी पॅकिंग चेपते व कडक बनते. तळाला पडणाऱ्या छिद्रांचे कारण मात्र पुष्कळांना नवल वाटावे असे आहे. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून त्याचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने नळीतून बाहेर जाते. गाडी लांब चालली तर सायलेन्सर पुरेसा तापतो व ही वाफ निघून जाते. परंतु घरापासून शेतापर्यंतच्या एक-दोन किलोमीटरच्या फेरीत सायलेन्सर नीट तापतच नाही. वाफेचे पाणी होऊन ते तळाशी साचते व पत्रा आतून कुजतो. म्हणून थोडे अंतर चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कित्येकदा लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा लवकर जातो.

गळतीमुळे होणारे नुकसान

पहिले नुकसान इंधनाचे. दोन-स्ट्रोक इंजिनात बाहेर जाणाऱ्या वायूची लाट सायलेन्सरवर आपटून परत येते व सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण मागे लोटते. सांध्याला फट पडली की ही लाट दुबळी होते. न जळलेले पेट्रोल वाया जाते आणि चढावर गाडी ओढत नाही. चार-स्ट्रोक इंजिनात दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी नळीत ओढ निर्माण होऊन फटीतून बाहेरची हवा आत शिरते. त्यामुळे मूठ सोडताच सायलेन्सरमध्ये फटफट असे आवाज येतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ मानकाच्या ज्या गाड्यांत धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर बसविलेला आहे, तेथे ही शिरलेली हवा सेन्सरला फसविते व इंजिनाला गरजेपेक्षा अधिक पेट्रोल दिले जाते.

दुसरे नुकसान गाडीच्या भागांचे. मोहऱ्याजवळील वायूचे तापमान सुमारे ४०० ते ६०० अंश सेल्सियस असते. असा झोत एकाच जागी लागत राहिला, तर जवळची वायर, रबरी नळी किंवा प्लास्टिकचा भाग वितळतो. पेट्रोलची नळी जवळून जात असेल, तर यातील धोका वेगळा सांगावयास नको.

तिसरे नुकसान आगीचे. जामनेर हा कापसाचा तालुका आहे. वेचणीच्या दिवसांत कापूस घरात, ओसरीत किंवा पत्र्याच्या खोलीत साठविलेला असतो आणि मोपेडही रात्री तेथेच उभी केली जाते. तापलेला सायलेन्सर, त्याच्या फटीतून निघणारा झोत किंवा काजळीची पेटती ठिणगी कापसाला लागली, तर ज्वाला लगेच दिसेलच असे नाही. कापूस आतल्या आत तासन् तास धुमसतो व मध्यरात्री भडकतो. वर्षाचे पीक एका रात्रीत जाण्यास एवढे कारण पुरे आहे.

सर्वांत मोठा धोका : न दिसणारा वायू

पेट्रोल अर्धवट जळाले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू अंगभर पोहोचविला जातो, त्या द्रव्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. मग छातीत श्वास चालू असतो, परंतु शरीराला प्राणवायू मिळत नाही.

याची लक्षणे अशी : डोके दुखणे, चक्कर, मळमळ, हातापायांत बळ नसणे व गुंगी येणे. उन्हाळ्यात ही लक्षणे ऊन लागल्याची वाटतात, तर हिवाळ्यात साध्या थकव्याची. एकाच खोलीतील दोघा-तिघांना एकाच वेळी असा त्रास होऊ लागला आणि जवळ इंजिन चालू असेल, तर दुसरी शंका न घेता सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. इंजिन बंद करावे, दारेखिडक्या उघडाव्यात व रोग्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. त्यास प्राणवायू देणे हाच खरा उपाय होय. ‘थोडे पडून राहू, बरे वाटेल’ असे म्हणून त्याच खोलीत निजणे प्राणावर बेतते.

गळती नसलेल्या गाडीच्या शेपटातूनही हा वायू निघतोच. म्हणून सायलेन्सर दुरुस्त केला तरी बंद खोलीत इंजिन चालू ठेवण्याची मुभा मिळाली, असे कोणीही समजू नये. गळती बंद करण्याने एवढेच साधते की हा वायू चालविणाऱ्याच्या पायाशी व पुढे उभ्या केलेल्या मुलाच्या तोंडाशी न सुटता मागे निघून जातो.

गळती कशी शोधावी

पुढील सर्व तपासणी मोकळ्या अंगणात करावी.

*डोळ्यांनी :* गाडी थंड असताना सायलेन्सर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा व दोन-तीन दिवस वापरून पुन्हा पाहावा. सांध्याशी काळा पंखा काढल्यासारखी काजळी दिसली, तर तेथे गळती आहे. दोन-स्ट्रोक गाडीत हा डाग तेलकट असतो.

*साबणाच्या पाण्याने :* इंजिन पूर्ण थंड असताना सांध्यांवर व शिवणीवर साबणाचे दाट पाणी ब्रशाने लावावे. एकाने इंजिन सुरू करावे व दुसऱ्याने लगेच बुडबुडे पाहावेत. नळी तापण्यापूर्वी, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत, ही तपासणी आटोपली पाहिजे.

*कानांनी :* जाड ओल्या फडक्याची घडी करून शेपटाचे भोक दोन-तीन सेकंद दाबावे. सांधे घट्ट असतील तर इंजिन मंद होऊन बंद पडू लागते. गळती असेल तर ‘फस् फस्’ असा आवाज त्या जागेवरून येतो. हे करताना तोंड दूर ठेवावे.

धूर पाहण्यासाठी उदबत्ती, काडी अथवा चिमणी सांध्याजवळ नेऊ नये. कार्बोरेटर व पेट्रोलची नळी तेथून वितीच्या अंतरावर असते.

दोन-स्ट्रोक गाडीत आणखी एक गोष्ट आधी पाहावी. शेपटाचे भोक कार्बन साचून बुजले असेल, तर आतील दाब वाढून वायू सांध्यातून वाट काढतो. अशा वेळी कितीही पॅकिंगे बदलली तरी गुण येत नाही. शेपटाची आतली नळी सुटी होत असल्यास काढून कार्बन खरवडावा व मगच सांध्याकडे वळावे.

मोहऱ्याच्या सांध्याची दुरुस्ती

साहित्य : योग्य मापाचा पाना (बहुधा १० क्रमांकाचा), तारेचा ब्रश, कानस, बारीक पॉलिशपेपर, काचेचा सपाट तुकडा, थोडे तेल व त्याच गाडीचे नवे पॅकिंग.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. नट गंजलेले असल्यास आदल्या रात्री आट्यांवर तेल सोडून ठेवावे. जोर करून फिरविल्यास स्टड तुटतो, आणि सिलिंडर हेडात तुटलेला स्टड काढणे हे खर्चाचे काम आहे.

२. नट काढून नळी अलगद सोडवावी. सायलेन्सरचा मागचा बोल्टही ढिला करावा. नाहीतर सगळा भार पुढील सांध्यावर येतो.

३. जुने पॅकिंग काढावे. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे व त्याची धूळ फुप्फुसांना कायमची अपायकारक असते. म्हणून ते कोरडे खरवडू किंवा फुंकू नये. पाण्याने भिजवून काढावे व पिशवीत बांधून टाकावे.

४. नळीची कॉलर सपाट आहे की नाही ते काचेवर ठेवून पाहावे. ती डुलत असल्यास काचेवर पॉलिशपेपर पसरून त्यावर कॉलर गोल गोल घासावी. सर्व बाजूंनी सारखी चमक आली म्हणजे ती सपाट झाली असे समजावे.

५. सिलिंडरचा मोहरा लाकडी चिपेने साफ करावा. तो ॲल्युमिनियमचा असल्यास कानस मुळीच लावू नये.

६. नवे पॅकिंग बसवून दोन्ही नट प्रथम हाताने लावावेत. नंतर एक नट थोडा, दुसरा थोडा, असे आळीपाळीने आवळावे. ६ मिलिमीटरच्या स्टडला सुमारे १० न्यूटन-मीटर बळ पुरते. म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाशी ५ किलो वजन टांगल्याइतका दाब. त्याहून अधिक जोर म्हणजे आट्यांचा नाश. सायलेन्सरचा मागचा बोल्ट सर्वांत शेवटी आवळावा.

७. इंजिन दहा मिनिटे चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे व नट पुन्हा तपासावेत. नवे पॅकिंग पहिल्या तापण्यात बसते व नट किंचित ढिले होतात. ही सातवी पायरी पुष्कळ लोक गाळतात आणि आठ दिवसांनी तीच गळती परत येते.

काही गाड्यांत शुद्ध तांब्याची कडी पॅकिंग म्हणून वापरलेली असते. नवी मिळत नसेल तर जुनी कडी मऊ करून घेता येते. लोहाराच्या भट्टीत ती मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावी. पोलाद असे केल्याने कडक होते, पण तांबे मऊ होते. वर आलेली काळी पापडी पुसून कडी बसवावी. आत ॲस्बेस्टॉस भरलेल्या कडीला मात्र हा उपाय करू नये.

बारीक छिद्रांचा बंदोबस्त

सायलेन्सरच्या छिद्राभोवतीचा पत्रा आधी खिळ्याच्या टोकाने ठोकून पाहावा. तो खणखणीत वाजत असेल तर दुरुस्ती टिकेल. खिळा आत जात असेल तर पत्रा कुजला आहे; तेथे पैसा न घालता नवा सायलेन्सर घ्यावा.

*तात्पुरता उपाय :* तारेच्या ब्रशाने गंज व तेल काढून जागा चकचकीत करावी. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात सायलेन्सरसाठी उष्णता सहन करणारा सिमेंटासारखा लेप मिळतो. जागा किंचित ओलसर करून तो लावावा. वर साध्या लोखंडी पत्र्याची पट्टी गुंडाळून दोन्ही टोकांना पोलादी क्लिपा आवळाव्यात. लेप रात्रभर वाळू द्यावा व सकाळी इंजिन दहा मिनिटे मंद चालवावे. एकदम तापविल्यास लेपातील ओलावा उकळून फोड येतात व लेप फुटतो.

*कायमचा उपाय :* सायलेन्सर गाडीवरून सोडवून गॅस वेल्डिंगने अथवा पितळी झाळेने छिद्र बुजवून घ्यावे. गाडीवर असताना वेल्डिंग करू देऊ नये. वर पेट्रोलची टाकी असते. ठिगळासाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो व तो छातीत गेल्यास थंडी भरून ताप येतो.

काय वापरू नये

एम-सील वा तत्सम लगदे पाण्याच्या नळासाठी उत्तम, परंतु सायलेन्सरच्या उष्णतेत ते जळून गळून पडतात. शिसे-कथलाचा डाख सुमारे १८३ अंशांपासून वितळू लागतो. मोहऱ्याजवळ तो क्षणभरही टिकत नाही. उष्णता सहन करणारे लाल सिलिकोन सुमारे ३०० अंशांपर्यंत चालते. म्हणून ते मागील सांध्याला योग्य, मोहऱ्याला नव्हे. डांबर, रबर, सायकलची ट्यूब व चिंध्या या वस्तू स्वतःच पेट घेणाऱ्या आहेत. आवाज कमी व्हावा म्हणून शेपटाचे भोक बुजविणे हा तर गळतीला आमंत्रण देण्याचा प्रकार होय.

विहिरीतील इंजिनाविषयी इशारा

मोपेडसंबंधी सांगितलेले सर्व नियम पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणाऱ्या छोट्या पाणी उपसण्याच्या इंजिनालाही लागू आहेत. पाण्याची पातळी खाली गेली की काही ठिकाणी असे इंजिन दोरांनी विहिरीत उतरवून धक्क्यावर ठेवतात. हे प्राणघातक आहे. विहिरीत वारा खेळत नाही. धूर तेथेच कोंडतो व सायलेन्सर कितीही घट्ट असला तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

येथे एका जुन्या समजुतीचा खुलासा करणे अवश्य आहे. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहतात व तो विझला नाही तर हवा चांगली असे मानतात. कंदिलाने केवळ प्राणवायूची मोठी कमतरता कळते. कार्बन मोनॉक्साइड मात्र कंदील जळत असतानाही माणसाला मारू शकतो; शिवाय तेथे पेट्रोलची वाफ असेल तर कंदिलानेच भडका उडेल. म्हणून ज्या विहिरीत इंजिन चालले आहे, तीत कंदिलाच्या भरवशावर कोणी उतरू नये. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. अशाने एकामागून एक माणसे जातात. वरूनच दोराने ओढता येत असेल तर ओढावे आणि तत्काळ ११२ क्रमांकावर मदत मागवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ केवळ वाचून न दाखविता प्रात्यक्षिकाने द्यावा. बाजाराच्या आदल्या दिवशी चावडीसमोरील मोकळ्या जागेत दहा-बारा शेतकरी व दोन मोपेडी असल्या म्हणजे पुरे. गावातील गॅरेजवाल्यास अवश्य बोलवावे. त्याचे सहकार्य नसेल तर शिकविलेले टिकत नाही. साबणाच्या पाण्याची तपासणी शेतकऱ्यांच्याच हातून करवून घ्यावी. बायकांनाही बोलवावे, कारण ओसरीत गाडी कोठे उभी राहते व कापूस कोठे रचला जातो, हे त्यांच्या नजरेखाली असते. शेवटी पुढील प्रश्न विचारावेत.

१. सायलेन्सरच्या तळालाच छिद्रे का पडतात?
२. नवे पॅकिंग बसविल्यावर नट पुन्हा का तपासावेत?
३. कंदील जळत राहिला तरी विहिरीतील हवा विषारी असू शकते काय?
४. तुमच्या घरी गाडी व कापूस यांमध्ये किती अंतर आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. ते घरी जाऊन मोजावयाचे आहे. गाडी कापसाच्या खोलीत कधीच नेऊ नये. बाहेर उभी करून थंड झाल्यावरच छपराखाली घ्यावी.

पेरणीपूर्वी एकदा व वेचणीपूर्वी एकदा, असे वर्षातून दोनदा हे काम करावे. त्यास लागतो एक पाना, एक पॅकिंग व तासाभराचा वेळ. औत-अवजारांची निगा जसा शेतकरी स्वतः राखतो, तशीच या धुराच्या वाटेचीही राखली, तर गाडी पेट्रोल कमी खाईल, घरातील कापूस सुरक्षित राहील आणि मुख्य म्हणजे घरातील माणसे निर्धास्तपणे झोपतील.